छागल

दुपारचे दोन वाजून गेले होते. बार्शी मागे पडली होती, येडशी यायची होती. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान ४३ दिसत होतं. आत एसी २३ वर. मागच्या सीटवर आई, तिच्या शेजारी चाइल्ड सीटमध्ये मान टाकून झोपलेला माझा तीन वर्षांचा भाचा. पुण्याहून मुरुडला निघालो होतो. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत साडेनऊ झाले. साडेचारला ऑफिसचा एक कॉल होता आणि मॅपवर पोहोचायची वेळ ३:४० दिसत होती. म्हणजे हातात पन्नास मिनिटं. आंघोळ करून, लॅपटॉप उघडून बसायला पुरेशी.

समोर डांबरावर मृगजळ हलत होतं. लहानपणी मला वाटायचं, मृगजळ फक्त वाळवंटात असतं. आता कळतं की तापलेला रस्ता आणि त्यावरचा गरम हवेचा थर एवढं असलं, की आभाळाचा उजेड वाकतो आणि जमिनीवर पाणी दिसतं. मे महिन्यात आमच्याकडचा प्रत्येक रस्ता हा दहा-बारा मीटर रुंदीचा वाळवंटाचा पट्टाच असतो.

त्या हलणाऱ्या पाण्यातून एक माणूस वर आला. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, शेजारी स्टँडवर लावलेली मोटारसायकल. आजूबाजूला झाड नाही, घर नाही. त्यानं हात केला.

माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून थोडा उचलला गेला. मग परत टेकला.

"थांबायचं न्हाई का रे?" मागून आई म्हणाली.

"आई, कोण असेल काय माहीत. असल्या सुनसान जागी थांबणं सेफ नाही."

आई काही बोलली नाही. आरशात तो माणूस लहान होत गेला. त्याचा हात खाली आलेला मला दिसला. त्यानंतर मुरुड येईपर्यंत गाडीत फक्त एसीचा आवाज होता.

हा लेख त्या हाताबद्दल आहे. आणि मी वापरलेल्या 'सेफ' या शब्दाबद्दल.

*

आधी माझी बाजू मांडतो, कारण ती अगदीच लेचीपेची नाही.

उन्हाळ्यात लांबचा प्रवास कसा करावा, याची यादी मला पाठ आहे. टायरमधली हवा टायर थंड असताना तपासायची. चालून तापलेल्या टायरमध्ये हवेचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून ती कमी करायची नाही. उलट हवा कमी असलेला टायर जास्त धोक्याचा, कारण त्याच्या बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबतात, जास्त तापतात आणि शेवटी फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक दिसली तरी म्हातारं रबर उन्हात दगा देतं. कूलंटची पातळी बघायची, पण इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दर दोन तासांनी थांबायचं. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की लक्ष उडतं. आणि लहान मूल बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवायचं नाही. उन्हातली बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच भट्टी होते, आणि लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं.

यातलं सगळं मी केलं होतं. उशिरा निघालो हे सोडून. डिकीत पाण्याच्या एक लिटरच्या सहा बाटल्या होत्या, ओआरएसची पाकिटं होती, पंक्चर काढायचं किट होतं. एखाद्या चांगल्या सिस्टिमची करावी तशी तयारी. माझं कामच ते आहे. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि प्रत्येकाला उत्तर तयार ठेवायचं.

पण त्या रात्री ती यादी मनात पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातली प्रत्येक ओळ माझ्या गाडीपाशी संपते. माझे टायर, माझं इंजिन, माझं पाणी, माझा भाचा. रस्त्यावर दुसरं कुणी असेल ही शक्यता यादीत फक्त एकाच रूपात होती: धोका म्हणून.

एक साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं असतं. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, साधारण छातीच्या उंचीवर, हवा खेळती ठेवून ते मोजतात. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायचे निकष, म्हणजे किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट ४५, हेही त्याच सावलीतले. म्हणजे माझ्या पडद्यावरचे ४३ त्या माणसाचे नव्हतेच. तो ज्या उन्हात उभा होता, त्याला बातम्यांत आकडा नाही.

*

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आमचं मुरुड लातूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. अण्णांनी आयुष्याची पंचवीस वर्षं या रस्त्यावर ४०७ टेम्पो चालवला. तूर, सोयाबीन, हरभरा लातूरच्या आडत बाजारात न्यायचा, येताना सिमेंट, खत, लोखंड, मिळेल ते भाडं आणायचं. आईनं दुपारची गोष्ट त्यांच्या कानावर घातलीच होती. मी वाट बघत होतो की ते काहीतरी टोचून बोलतील.

ते बोलले नाहीत. आत गेले आणि खुंटीवरून एक मळकट, कडक झालेली कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात खिळे आणि स्क्रू भरलेले होते.

"ही वळखतोस का?"

ओळखली. छागल. माझ्या वयाच्या बहुतेकांनी ती पाहिली नसेल, म्हणून सांगतो. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वर बाटलीसारखं तोंड. ट्रक, जीप, टेम्पो यांच्या पुढच्या बाजूला किंवा आरशाच्या दांडीला ती बाहेर टांगलेली असायची. कापडातून पाणी किंचित झिरपतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते आणि वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता जाते. त्यामुळे गंमत अशी, की वारा जितका कोरडा आणि गाडी जितकी पळती, तितकं छागलीतलं पाणी गार. माठाचंच तत्त्व, फक्त चाकांवरचं.

अण्णांनी दोन गोष्टी सांगितल्या. मी त्या त्यांच्या शब्दांत नीट देऊ शकणार नाही, पण मुद्दा असा होता.

पहिली: टेम्पोत नेहमी दोन जागी पाणी असायचं. एक छागल पिण्यासाठी आणि एक पत्र्याचा डबा इंजिनसाठी. जुनी गाडी उन्हात तापायचीच. तापली की थांबायचं, बॉनेट उघडायचं, निवायची वाट बघायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. डब्यातलं संपलं की कुणाच्या तरी विहिरीवर, कुणाच्या तरी दारात जायचं. नाव-गाव विचारलं जायचं. "या रस्त्यावर मी पाणी मागितलं नाही असं गाव नाही," ते म्हणाले.

दुसरी: छागल बाहेर टांगलेली असल्यामुळे ती सगळ्यांना दिसायची. वाटेवरचा माणूस हात करायचा तो बऱ्याचदा लिफ्टसाठी नाही, छागलीसाठी. आणि ज्यानं काल दुसऱ्याच्या दारात पाणी मागितलंय, त्याला आज गाडी न थांबवणं जमायचं नाही.

"म्हंजे आमी लई चांगले होतो असं न्हाई," ते म्हणाले. "आमाला लागायचं, म्हनून आमी द्यायचो."

हे वाक्य मला फार दिवस सोडत नव्हतं. एरवी असल्या गोष्टींचा शेवट ठरलेला असतो: पूर्वी माणुसकी होती, आता राहिली नाही. अण्णांनी तो शेवट घेतला नाही. त्यांचं म्हणणं त्यापेक्षा अवघड होतं. पूर्वी मन मोठं होतं असं नव्हे, गाडी कच्ची होती. गाडी कच्ची असल्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा दुसऱ्याची गरज पडायची, आणि त्या गरजेतून थांबायची सवय लागायची.

माझ्या गाडीचं कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतं. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडे नुसतं बघतो. पुणे ते मुरुड तीनशेच्या आसपास किलोमीटरमध्ये मला एकाही माणसाकडे काही मागावं लागत नाही. टोल फास्टॅगनं कापला जातो, रस्ता मोबाइल सांगतो. रस्ता विचारायला काच खाली करायची वेळ शेवटची कधी आली होती, मला आठवत नाही. ही सोय आहे, आणि मी ती परत करणार नाही. पण तिच्याबरोबर थांबण्याची कारणंही गेली. आता थांबायचं असेल तर ते फक्त ठरवूनच थांबावं लागतं. आणि ताशी ऐंशीच्या वेगात ठरवायला किती वेळ असतो?

*

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. माणूस दोनशे मीटरवरून नीट दिसला, तर त्याच्यापाशी पोहोचायला नऊ सेकंद. त्यात ब्रेक लावायला लागणारं अंतर वजा करा. मला तीन-चार सेकंद मिळाले होते. तेवढ्यात मी कांट वाचणार नव्हतो.

अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली गोष्ट, ज्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला एक परका प्रवासी मदत करतो. वाटेत दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता. कोण थांबतं ते बघायचं होतं. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना जेमतेम वेळ होता, त्यांच्यातले ४५ टक्के. आणि ज्यांना 'तुम्हाला उशीर झालाय' असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघाल्यामुळे कुणी विशेष जास्त थांबलं, असं दिसलं नाही. घाई किती आहे, यानं मात्र मोठा फरक पडला.

हे वाचून मला दोन उलट गोष्टी वाटल्या. आधी सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मी दुष्ट नव्हतो, मला घाई होती. मग प्रश्न पडला, घाई कुठून आली? ती आभाळातून पडली नव्हती. सकाळी सहाऐवजी साडेनऊला निघालो तेव्हा मी ती गाडीत भरून घेतली होती. साडेचारचा कॉल पुढे ढकला म्हणायला संकोच वाटला, तेव्हा घेतली होती. मॅपच्या ३:४० ला मी वचन दिल्यासारखा वागत होतो, ते वचन कुणी मागितलंही नव्हतं.

इथे मला एक गोष्ट दिसली, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तीच आहे. उन्हात सुरक्षित गाडी चालवणं आणि उन्हात माणसासारखं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी असतील असं मी धरून चाललो होतो. सेफ राहायचं तर थांबू नये, थांबायचं तर धोका पत्करावा. पण दोन्हींना लागणारा माल एकच आहे. पहाटे निघालो असतो, तर टायर, इंजिन आणि माझं डोकं थंड राहिलं असतं, आणि थांबायला वेळही उरला असता. पाणी गरजेपेक्षा जास्त घेतलं, तर गाडी बंद पडल्यावर ते माझ्या कामी येतं, आणि गाडी चालू असताना दुसऱ्याच्या. दर दोन तासांनी थांबायची सवय झोपेपासून वाचवते, आणि रस्त्याकडे बघायलाही लावते. सवड हा या सगळ्याचा एकच शब्द. ज्याच्याकडे सवड नाही तो स्वतःही धोक्यात असतो आणि दुसऱ्याच्या उपयोगाचाही नसतो.

म्हणजे तो निर्णय त्या तीन सेकंदांत झालाच नव्हता. तो पुण्यात, पार्किंगमध्ये, साडेनऊला झाला होता.

*

पण मी इथेच थांबलो, तर ती पळवाट होईल. कारण सगळी सवड संपलेली असतानाही डिकीत सहा बाटल्या होत्या.

आणि भीती खोटी नव्हती. निर्जन रस्त्यावर गाडी थांबवून लुटल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. गाडीत म्हातारी आई आणि लहान मूल असताना अनोळखी माणसासाठी दार उघडू नये असं कुणी म्हटलं, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही. एकटी गाडी चालवणारी माझी बहीण त्या जागी असती, तर मीच तिला थांबू नकोस म्हटलं असतं. अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मार्गदर्शक नियम कायम केले, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात तशी तरतूदही आली. पण कायदा मदत करणाऱ्याला पोलिसांपासून वाचवू शकतो. हात करणारा माणूस कोण आहे, हे कायदा सांगू शकत नाही.

शिवाय उन्हाची एक वाईट खोड आहे. अंगाचं आतलं तापमान ४० च्या वर जायला लागलं, की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, चिडतो, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो. म्हणजे उष्माघाताकडे चाललेला माणूस लांबून हुबेहूब प्यायलेला दिसतो. ज्याला सगळ्यात जास्त मदत हवी, त्याचीच भीती सगळ्यात जास्त वाटते.

हे सगळं मी आईला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना समजावून सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं, थांबायचं नव्हतं तर नव्हतं. पन म्होरं जाऊन एक बाटली तरी ठिवायची व्हतीस रस्त्याच्या कडंला. त्यो आला असता की चालत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थांबणं किंवा न थांबणं, असे दोनच पर्याय मी मनात मांडले होते. शून्य किंवा एक. आईनं तिसरा दाखवला, आणि त्याला हिंमत लागत नाही. शंभर-दीडशे मीटर पुढे जायचं, दारं लॉक ठेवायची, काच चार बोटं खाली करून बाटली दगडापाशी ठेवायची, हॉर्न वाजवायचा आणि निघायचं. पुढच्या धाब्यावर किंवा पंपावर सांगायचं, मागे एक माणूस अडकलाय. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३, तब्येत बिघडलेली वाटली तर १०८. भीती शाबूत ठेवूनही हे सगळं करता आलं असतं. भीतीनं मला गाडीबाहेर पडू दिलं नाही, हे खरं. पण भीतीनं मला फोन करण्यापासून अडवलं नव्हतं. तिथे भीती नव्हती. तिथे फक्त 'गेलं ते गेलं' होतं.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये एक साधं उदाहरण दिलं होतं. तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही जवळून चाललाय, वाचवायला गेलात तर फक्त कपडे चिखलात भरतील. मग न वाचवण्याला काही कारण उरतं का? त्या उदाहरणावर खूप वाद झाले. 'सगळ्या जगाचा भार माझ्यावर का,' हा त्यातला मुख्य. माझी अडचण त्याआधीचीच होती. मी तळ्यात उतरायला लागेल एवढ्या भीतीनं काठावरची दोरीसुद्धा फेकली नाही.

*

'सगळ्यांसाठी कसं थांबणार' हा प्रश्न मात्र खरा आहे. मे महिन्यात त्या रस्त्यावर पंधरा-वीस माणसं उन्हात दिसतात. शेळ्यांमागची बाई, एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरं, रस्त्याच्या कामावरचे मजूर. प्रत्येकापाशी थांबलो तर घरी पोहोचणार नाही.

मी बारावीची परीक्षा देऊन घरी होतो, त्या २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुरू झाली. कृष्णेचं पाणी, जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, १२ एप्रिलला ती लातूरला पोहोचली, ५ लाख लिटर. पुढे ५० टाक्यांची गाडी यायला लागली, २५ लाख लिटरची. ती आमच्या मुरुडवरूनच जायची. मी एकदा रुळांजवळ उभं राहून ती पाहिली. मोजत होतो, पंचेचाळीसच्या पुढे मोजणं चुकलं. आमच्याही नळाला तेव्हा पाणी नव्हतं, टँकरच्या मागे घागरी धावत होत्या. डोळ्यांसमोरून पंचवीस लाख लिटर पाणी गेलं आणि गाडी थांबली नाही.

मला राग आला नव्हता. ती थांबायला नकोच होती. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आली होती. ज्यांची गरज मोठी होती, त्यांच्याकडे ती चालली होती. न थांबण्याला कारण होतं आणि ते रुळांजवळ उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला पटण्यासारखं होतं.

हीच मला आता कसोटी वाटते. सगळ्यांसाठी थांबता येत नाही, मान्य. पण न थांबण्याचं माझं कारण रस्त्यावरच्या त्या माणसाला सांगता येईल का? 'गाडीत मूल आहे, मला भीती वाटते, पुढे पाणी ठेवलंय,' हे सांगता येईल. तो कदाचित मानही डोलवेल. 'साडेचारला कॉल आहे,' हे मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणू शकलो असतो का? नसतो. म्हणून तर मी तेव्हा 'सेफ' हा शब्द वापरला.

*

उन्हातला प्रवासी ही एकेकट्याची जबाबदारी नाही, हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सम्राट अशोकाच्या लेखांत रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचा, आंबराया केल्याचा आणि आठ-आठ कोसांवर विहिरी खणल्याचा उल्लेख आहे. चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा आणि धर्मशाळा बांधल्या. चैत्र लागला की गावोगाव पाणपोया सुरू व्हायच्या, अजूनही होतात. एक मांडव, वाळूत रोवलेले रांजण, वर ओलं फडकं, लांब दांडीचं ओगराळं. तिथे पाणी पिणाऱ्याला तू कोण, हे कुणी विचारत नाही. निदान विचारू नये ही अपेक्षा असते. आमच्याच समाजात पाण्यावरून माणसं हाकललीही गेली, आणि चवदार तळ्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हे विसरून पाणपोईचं कौतुक करता येत नाही.

आता रस्ते रुंद झाले. ते व्हायलाच हवे होते. पण रुंद होताना कडेचे वड आणि चिंचा गेल्या. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ताशी १२० नं धावायला बांधला, आणि सुरुवातीला बरेच महिने त्यावर धड पंप आणि खाण्यापिण्याची सोय नव्हती. वेग आधी आला, सावली नंतर. मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला २०२५ उजाडावं लागलं, तेही नव्या बनणाऱ्या ट्रकना. ज्या माणसांनी आपल्या घरापर्यंत सगळं सामान आणलं, ती इतकी वर्षं इंजिनच्या धगीशेजारी बसून आली.

एसी थंडावा तयार करत नाही, हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकलो होतो. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, वर स्वतःच्या कामाचीही उष्णता त्यात घालतो. माझ्या एका गाडीनं रस्ता तापत नाही, हे मला कळतं. पण छागल आणि एसी यांच्याकडे बघताना एक फरक नजरेतून जात नाही. एकीचं गार पाणी गाडीच्या बाहेर टांगलेलं असायचं. दुसऱ्याचा गारवा काच बंद असेल तरच टिकतो.

*

त्या माणसाचं काय झालं, मला माहीत नाही. पुढचे तीन-चार दिवस मी बार्शी, धाराशिवच्या बातम्या उघडून बघत होतो. काही सापडलं नाही. बहुधा मागून येणारं कुणीतरी थांबलं असेल. 'बहुधा' या शब्दावर आपण किती गोष्टी सोडून देतो, हे मला तेव्हा कळलं.

आता मुरुडला जायचं असलं की पहाटे चारला निघतो. उशीर झाला तर सरळ संध्याकाळी निघतो. त्या दिवशी कॉल ठेवत नाही. टीमला सांगितलंय, कुणाचं काही अडलं नाही. डिकीत पाच-पाच लिटरचे दोन कॅन असतात. एक आमचा आणि दुसरा, अण्णांच्या भाषेत, रस्त्याचा. शिवाय मागच्या सीटवर, हाताला येतील अशा, दोन सुट्या बाटल्या.

गेल्या वेळी कुर्डुवाडीच्या पुढे एकानं हात केला. सकाळचे साडेसात-आठ, रस्त्यावर वर्दळ होती, मी एकटाच होतो. थांबलो. काच खाली केली आणि मोठ्या तयारीनं पाण्याची बाटली पुढे केली.

तो हसला. "पानी हाय ओ माझ्याकडं. पान्हा हाय का, चौदाचा?"

पान्हा नव्हता. माझ्या यादीत तो नव्हता. आम्ही दोघांनी मिळून मागून येणारा एक पिकअप थांबवला, त्याच्याकडे निघाला. पाच मिनिटांचं काम होतं. निघताना त्यानं माझं गाव विचारलं. मी म्हटलं मुरुड. तर म्हणे, माझी मावशी तिथंच दिलीय.

आता डिकीत पान्ह्यांचा सेटही आहे. दुसरा कॅन बहुतेक वेळा भरलेलाच घरी पोहोचतो. आई ते पाणी अंगणातल्या कडुनिंबाला घालते.